मलेरीच्या ट्रेमधले खड्डेदार तुकडे: उभयचर की फायटोसॉर?

लालमाती

पुराजीवशास्त्राच्या सरावाचा एक जुना ट्रे आहे. चिठ्ठीवर फक्त 'मलेरी' (प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या ट्रायासिक थरांचं नाव) एवढंच लिहिलंय. गाव नाही, थर नाही, तारीख नाही. आतले तुकडे असे:

क) चपटं हाड, ७ × ५ सेंमी. मध्ये जाडी ११ मिमी, एका कडेकडे उतरत ५ मिमी. एक बाजू खड्ड्याखड्ड्यांची, दुसरी गुळगुळीत. पातळ कडेला बोटभर पट्टा असा आहे की तिथे खड्डेच नाहीत.
ख) जाड चकतीसारखा मणका, रुंदी ४५ मिमी, लांबी २२ मिमी.
ग) शंकूसारखा दात, उंची १८ मिमी, बुडाशी तुटलेला. खालच्या भागात उभ्या रेघा.
घ) मुठीएवढा गोळा. करड्या-लाल कठीण कवचातून एका बाजूने हाड डोकावतंय.
च) अजून एक खड्डेदार तुकडा, लहान. खड्ड्यांच्या मधून एक उथळ पन्हळ गेली आहे.

यातलं उभयचराचं काय आणि फायटोसॉरचं, म्हणजे मगरीसारख्या दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याचं काय, हे खात्रीने कसं ठरवायचं? मेटोपोसॉर की चिगुटिसॉर, उभयचरांच्या या दोन कुळांतलं कोणतं, इथपर्यंत जाता येईल का? आणि 'घ' साफ कसा करायचा? ॲसिड चालेल का, गोंद कोणता वापरायचा? जाता जाता, प्राणहितेच्या अलीकडे, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात, असलं काही मिळालंय का?

शिलाजीत_नव्हे

खड्डे आहेत म्हणजे मेटोपोसॉर. मलेरीत तोच ढिगाने मिळतो. डोकं खाजवायचं कारण नाही.

कातळटाकी

कारण आहे. मलेरीच्या त्याच लाल मातीत पॅरासुकस नावाचा फायटोसॉरही मिळतो आणि त्याच्या पाठीवरच्या हाडांच्या ढालीही खड्डेदारच असतात. नुसते खड्डे बघून निकाल दिला की ट्रेमधला निम्मा माल चुकीच्या डबीत जातो. खड्डे कसे मांडलेत ते बघायचं.

आधी 'क'. टेम्नोस्पॉन्डिल उभयचरांच्या (मेटोपोसॉर आणि चिगुटिसॉर दोन्ही याच जुन्या गटातले) कवटीची आणि खांद्याची हाडं त्वचेखाली तयार झालेली, चपटी, थाळीसारखी. त्यावरची नक्षी हाडाच्या वाढीबरोबर बदलते. जिथून हाड वाढायला सुरुवात झाली त्या केंद्राजवळ खड्डे लहान, पाच-सहा कोनांचे, एकमेकांना चिकटलेले, आप्पेपात्र फार लहान करून दाबल्यासारखे. केंद्रापासून कडेकडे जाताना तेच खड्डे लांबट होत होत चर होतात, आणि चरांमधल्या कण्या किरणांसारख्या पसरतात. फायटोसॉरच्या ढालीवर खड्डे बहुधा एका उंचवट्याभोवती किंवा कण्याभोवती मांडलेले असतात. ढाल आडवी धरून बाजूने पाहिली तर तो उंचवटा डोळ्यांत भरतो.

आता तुम्ही लिहिलेला बिननक्षीचा पट्टा. तोच तुमच्या 'क'मधला सगळ्यात बोलका भाग आहे. छातीखाली मधोमध एक मोठं चपटं हाड असतं, इंटरक्लॅव्हिकल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंवर गळपट्टीची हाडं, म्हणजे क्लॅव्हिकल, कौलावर कौल बसावं तशी चढलेली असतात. वरच्या कौलाखाली जो भाग झाकला जातो तिथे नक्षी नसते. मधे जाड, कडेला पातळ आणि कडेला बिननक्षीचा पट्टा, ही तिन्ही लक्षणं एकत्र आली तर ते बहुतेक इंटरक्लॅव्हिकलच. पट्ट्यावर बारीक समांतर रेघा दिसतात का ते भिंगातून बघा. दिसल्या तर शंका उरत नाही.

'च'वरची पन्हळ हा मात्र हुकमी पुरावा ठरू शकतो. माशांच्या अंगावर पाण्यातली हालचाल टिपणारी जी रेषा असते, तशी या पाणवासी उभयचरांच्या डोक्यावरही होती. कवटीत ती पन्हळीच्या रूपाने राहते. तळ गुळगुळीत, काप इंग्रजी यू अक्षरासारखा, आणि ती खड्ड्यांची फिकीर न करता नक्षी कापत, हाडांचे सांधेही ओलांडत जाते. फायटोसॉरला ही सोय नव्हती. खात्री करताना एवढंच पाहा की ती तडा किंवा रक्तवाहिनीची खूण तर नाही ना. तड्याचा काप धारदार असतो आणि तळात आतलं स्पंजासारखं हाड दिसतं. वाहिनीची खूण वाटेत कुठल्यातरी भोकात शिरते. पन्हळीचा तळ मात्र हाडाच्या बाहेरच्या घट्ट थराचाच असतो.

उलट बाजूने मात्र हा नियम लावू नका. ही पन्हळ कवटीवर आणि खालच्या जबड्यावरच असते, छातीच्या हाडांवर नसते. 'क'वर पन्हळ नाही म्हणून तो उभयचराचा नाही, असं होत नाही.

दाभण

कातळटाकींनी 'ख' आणि 'ग' सोडलेत, ते घेतो.

मणका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा मणका म्हणजे एक सलग तुकडा, वर मज्जारज्जूची नळी, खाली शरीर. टेम्नोस्पॉन्डिलांमध्ये मणक्याचं शरीर वेगवेगळ्या तुकड्यांत तयार होतं, त्यातला मोठा तुकडा म्हणजे इंटरसेंट्रम. वरची कमान त्याला जोडलेली नसल्यामुळे मेल्यावर ती सुटी होऊन जाते. म्हणून हे मणके मातीत बहुधा टकलेच सापडतात. कॅपिटोसॉर या दुसऱ्या टेम्नोस्पॉन्डिल गटात इंटरसेंट्रम चंद्रकोरीसारखा, वरून उघडा. मेटोपोसॉरांमध्ये तो भरत भरत पूर्ण चकती झालेला: दोन्ही बाजूंनी अंगठ्याने हलकेच दाबलेला पेढा डोळ्यांसमोर आणा. रुंदी लांबीच्या जवळजवळ दुप्पट, कंबर नाही, वरच्या बाजूला फक्त उथळ खोलगट भाग. बाजूंवर, मागच्या कडेजवळ, बरगडी टेकण्याची पुसट बैठक दिसते. फायटोसॉरच्या मणक्याला कंबर असते, तो बाजूने डमरूसारखा दिसतो, आणि वर नळीचा तळ किंवा तुटलेल्या कमानीचे दोन खुंट असतात. तुमची मापं, ४५ आणि २२, पेढ्याकडे झुकतात. वरून आणि बाजूने फोटो टाका.

दात. यांना पूर्वी 'लॅबिरिन्थोडॉन्ट' म्हणत, म्हणजे चक्रव्यूहासारखे दात असलेले, ते दाताच्या आडव्या कापावरून. दाताच्या भिंतीतलं डेंटीन आतल्या बाजूला घड्या घालत जातं. साडीच्या निऱ्या कमरेजवळ एकत्र खोचलेल्या असतात आणि मोकळ्या बाजूला उलगडतात, तसं या घड्या बुडाशी दाट आणि टोकाकडे नाहीशा होतात. म्हणूनच नवखे लोक टोकाजवळ काप घेतात, घड्या दिसत नाहीत आणि 'फायटोसॉर' लिहून मोकळे होतात. बाहेरच्या उभ्या रेघा जिथपर्यंत आहेत तिथपर्यंतच घड्या असतात, काप त्याच्या आत हवा.

तुमचा दात बुडाशी आधीच तुटलाय, तर नवा काप घेऊच नका. तुटका पृष्ठभागच काचेवर ६०० नंबरच्या कार्बोरंडमच्या पुडीने, मग १०००च्या पुडीने, दोन-तीन मिनिटं गोल गोल घासा. घासताना पाणी कमी, आणि ते तुकड्यात मुरायच्या आत पुसा. मग वर ग्लिसरीनचा एक थेंब टाकून १० पट भिंगातून बघा. फिकट आणि गडद रेघा परिघापासून केंद्राकडे नागमोडी गेलेल्या दिसल्या तर काम झालं. फायटोसॉरच्या दातात मधे साधी गोल पोकळी, भोवती कांद्यासारखे थर, घड्या नाहीत. शिवाय त्याच्या दाताच्या धारेवर बहुधा बारीक दंतुर कडा असते. नख फिरवून जाणवते.

तो दात जबड्याच्या तुकड्यासकट असता तर अजून सोपं होतं. टेम्नोस्पॉन्डिलांचे दात बुडाशी हाडाला चिकटून एकजीव झालेले असतात, आणि दात बदलायचे तेव्हा एकाआड एक रिकामी जागा दिसते. फायटोसॉरचे दात खोबणीत बसवलेले.

कवटीचा मागचा भाग हाती आला तर सगळ्यात झटपट परीक्षा वेगळीच आहे. मानेच्या मणक्याशी जोडणारे गोळे मोजा. उभयचराला दोन, सरपटणाऱ्याला एक.

लालमाती

दोघांचेही आभार. 'क'च्या पट्ट्यावर समांतर रेघा आहेत. 'च'च्या पन्हळीचा तळ गुळगुळीत आहे आणि ती एका सांध्यावरून पलीकडे गेली आहे. 'ख'ला कंबर नाही. दात घासला. कडेपासून आत जाणाऱ्या सतरा-अठरा रेघा मोजता आल्या, बाहेर सरळ आणि आत जाताना थोड्या वळलेल्या. फोटो जोडले आहेत.

म्हणजे सगळे उभयचर. मग आता मेटोपोसॉर की चिगुटिसॉर? ट्रेमध्ये ऱ्हिंकोसॉरच्या (चोचीच्या, झाडपाला खाणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या) दातपट्टीचा तुकडाही आहे, त्याचा उपयोग होईल का?

थरमोजणी

हा प्रश्न हाडापेक्षा चिठ्ठीचा आहे, आणि चिठ्ठी तर कोरी.

मलेरी शैलसमूह हा प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातला, ट्रायासिकच्या उत्तरार्धातला, साधारण २२-२३ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात खालचा भाग आणि वरचा भाग यांतले प्राणी वेगळे आहेत. खालच्या मलेरीत मेटोपोसॉर, पॅरासुकस, ऱ्हिंकोसॉर हायपरोडापेडॉन आणि एक्सेरेटोडॉन हा सायनोडॉन्ट, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या नातलगांतला. वरच्या मलेरीत मेटोपोसॉर नाहीत. त्यांच्या जागी चिगुटिसॉर येतात, सोबत जाकलापल्लीसॉरस आणि नंबालिया हे सुरुवातीचे लांब मानेचे डायनोसॉर. म्हणजे पाण्यात तळाशी दबा धरून बसणाऱ्या मोठ्या उभयचराची जागा एका कुळाने सोडली आणि दुसऱ्याने घेतली. थर माहीत असता तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं असतं.

नावांचा गोंधळ टाळायला: आपला मेटोपोसॉर तपन रॉयचौधरी यांनी १९६५ मध्ये मेटोपोसॉरस मलेरिएन्सिस म्हणून वर्णिला. २०१९ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजाती (जीनस) दिली गेली, आता तो पँथासॉरस मलेरिएन्सिस. जुन्या ट्रेवर, जुन्या प्रबंधांत पहिलंच नाव असणार. वरच्या मलेरीतले दोन चिगुटिसॉर, कॉम्प्सोसेरॉप्स कॉसग्रिफी आणि कुट्टिसेफॅलस ट्रायँग्युलॅरिस, धूर्जटी सेनगुप्ता यांनी १९९५ मध्ये नाव दिलेले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूशास्त्र विभागाने मलेरीवर पिढ्यान्‌पिढ्या काम केलंय, तिथला संग्रह हाच याबाबतीतला प्रमाण मानायचा.

पूर्ण कवटी असेल तर दोघांतला फरक लांबूनही कळतो. दोघांचेही डोळे कवटीच्या पुढच्या अर्ध्यात. पण पँथासॉरसच्या कवटीच्या मागच्या कडेला दोन्ही बाजूंना कानाची खोल खाच असते. चिगुटिसॉरची कवटी पुढून गोलसर, खाच जवळपास बुजलेली, आणि मागे टॅब्युलर हाडाची शिंगं लांब निघालेली. कॉम्प्सोसेरॉप्समध्ये ती चांगलीच ठळक आहेत, नावातच शिंग आहे. तुमच्या सुट्या तुकड्यांत मात्र खाचही नाही आणि शिंगही नाही.

'ख' मदत करतो. पेढ्यासारखी भरलेली, लांबीपेक्षा बरीच रुंद चकती मेटोपोसॉरकडे बोट दाखवते. 'क'च्या मध्यभागी बारीक बहुकोनी खड्ड्यांचा गुच्छ असेल तर तेही त्याच बाजूला. 'ग' काहीच सांगत नाही. दोन्ही कुळांच्या दातांत घड्या असतात.

ऱ्हिंकोसॉरची दातपट्टी सोबत आहे म्हणून खालची मलेरी, असं लिहायचा मोह होईल. आवरा. एका ट्रेत आहे म्हणजे एका थरात होतं असं नाही, लोकांनी रिकाम्या जागी तुकडे टाकलेले असतात. याचं नामांकित उदाहरण खुद्द पॅरासुकस. पुराजीवशास्त्रज्ञ रिचर्ड लिडेकरने १८८५ मध्ये ज्या सुट्या तुकड्यांवर पॅरासुकस हिस्लोपी उभा केला, त्यातलं कवटीच्या तळाचं हाड पुढे ऱ्हिंकोसॉरचं निघालं. नावाचा पायाच डळमळला, आणि शेवटी २००३ मध्ये एक जवळजवळ पूर्ण सांगाडा नवा प्रमाण नमुना म्हणून मान्य करून घ्यावा लागला. सुट्या तुकड्यांची मोळी बांधली की शंभर वर्षांनी कुणालातरी ती सोडावी लागते.

एक करता येईल. प्रत्येक तुकड्याच्या खाचांत अडकलेली मूळ माती वेगवेगळी काढून ठेवा, चिमूटभर पुरे. रंग, वाळूच्या कणांचं माप, चुन्याच्या गोळ्या आहेत का, व्हिनेगरचा थेंब टाकला तर फसफसतं का, एवढं तुकड्यागणिक नोंदवा. पाचही तुकड्यांची माती वेगळी निघाली तर ट्रे मिसळलेला आहे हे तरी कळेल. सारखी निघाली तर काही सिद्ध होत नाही, पण संशय कमी होतो. म्हणून साफसफाईच्या आधी हे करा. एकदा ब्रश फिरला की ही माहिती मोरीत गेली.

दाभण

बरोबर. आता 'घ'.

पाण्याला हात लावायचा नाही, ही पहिली गोष्ट. मलेरीची लाल माती पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते, आणि दोन्ही वेळा हाडाला सोबत ओढते. नळाखाली धुतलेला तुकडा त्या दिवशी छान दिसतो, आठवड्याने त्याचे पापुद्रे निघतात. मऊ करायचंच असेल तर ॲसिटोन किंवा स्पिरिटचा थेंब, तोही ड्रॉपरने, एका वेळी रुपयाएवढ्या जागेवर.

ॲसिडचा विचार कवच कशाचं आहे हे कळल्यावर. हाड नसलेल्या बाजूला खायच्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. जोरात फसफसलं तर कॅल्साइट, ॲसिड चालेल. नुसतंच ओलं झालं आणि रंग गडद लाल-काळा असेल तर लोहाचं कवच, त्याला ॲसेटिक ॲसिड काही करत नाही, तुमचं हाडच आतून पोखरेल. मलेरीत बऱ्याचदा दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात, तेव्हा ॲसिड विसरा आणि सुई घ्या.

कॅल्साइट असेल तर असं. ५ टक्के ॲसेटिक ॲसिड: ९५० मिलि पाण्यात ५० मिलि तीव्र ॲसिड, नेहमी पाण्यात ॲसिड, उलट नाही. लिटरमागे साधारण १ ग्रॅम कॅल्शियम फॉस्फेट घाला, म्हणजे द्रावणाची भूक थोडी त्यावर भागते आणि हाड वाचतं. उघडं हाड आधी पॅरालॉइड या ॲक्रिलिक गोंदाच्या पातळ लेपाने झाकून पूर्ण वाळवा. पहिल्यांदा चार-पाच तासच बुडवा. मग वाहत्या पाण्यात, ॲसिडमध्ये जितका वेळ होता त्याच्या तिप्पट वेळ. हो, वर पाणी नको म्हणालो, ते लाल मातीतल्या हाडाबद्दल. चुनखडीच्या गोळ्यात माती जवळजवळ नसते. दोन्ही मिश्र असेल तर हा मार्गच सोडा.

धुण्यात कंटाळा केला की काय होतं ते सांगतो. आत राहिलेलं कॅल्शियम ॲसिटेट वाळताना स्फटिक धरतं. हाडाच्या भेगांतून पांढरी, कापसासारखी बुरशी आल्यासारखं दिसतं. ती बुरशी नसते, ते स्फटिक असतात आणि ते हाड आतून फोडत असतात. दिसले की लगेच परत पाण्यात.

सुईचं काम. मोठी छिन्नी नको. पिन व्हाइसमध्ये (सुई घट्ट धरणाऱ्या मुठीत) बसवलेली टणक पोलादी सुई किंवा चांगली घासलेली दाभण. खड्डा साफ करताना सगळे एक चूक करतात: सुई खड्ड्याच्या तळाशी घालून माती कडेवरून उचकटतात. कडा म्हणजे ती पातळ कणी, तिथेच टेकण दिलं की ती मोडते. त्यापेक्षा खड्ड्याच्या मध्यभागी माती उभी टोचून भुगा करायची, मऊ ब्रशने झाडायची, पुन्हा टोचायची. तळापासून अर्धा मिमी माती राहिली की थांबायचं, तिथे ॲसिटोनचा थेंब, आणि मग सुई आडवी धरून खरवडायची. एका खड्ड्याला दहा मिनिटं गेली तर जास्त वाटू देऊ नका. हाड आणि माती यांच्यामध्ये सहसा एक फिकट रेघ असते, माती तिथून आपोआप सुटते. सुटत नसेल तर तुम्ही हाडात शिरलात.

कातळटाकी

गोंदाबद्दल थोडं, कारण यातच सगळ्यांत जास्त नासाडी होते.

लाकूडकामाचा पांढरा गोंद नको. आत मुरत नाही, वर कातडं धरतो, आकसताना हाडाचा पापुद्रा घेऊन उठतो, आणि काही वर्षांनी पिवळा पडून विरघळायला नकार देतो. झटपट चिकटणारा गोंदही केसाएवढ्या भेगेपुरता. पुढे कुणाला सांधा सोडवायचा झाला तर फार अवघड जातं.

पॅरालॉइड बी-७२ घ्या. ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळतो, हाच त्याचा मोठा गुण. हाड पक्कं करायला ५ टक्के, म्हणजे १०० मिलि ॲसिटोनमध्ये ५ ग्रॅम. चिकटवायला ४० ते ५० टक्के, मधासारखा. दाणे थेट बरणीत टाकले की तळाशी गोळा होऊन बसतो आणि दिवसभर हलवलं तरी हलत नाही. दाणे जाळीच्या कापडात बांधून पुरचुंडी बरणीच्या वरच्या भागात लटकवा, रात्रीत विरघळतात. बरणी काचेची, आणि जवळपास विस्तव नको.

दोन ठिकाणी हा दगा देतो. पावसाळ्यात ॲसिटोन भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि पांढुरकी साय येते. वरून नुसत्या ॲसिटोनचा एक हात फिरवून तुकडा उपड्या डब्याखाली हळू वाळू द्या, जाते. दुसरं उन्हाळ्यात. बी-७२ साधारण ४० अंशांना मऊ पडायला लागतो. आदिलाबाद, चंद्रपूरच्या मे महिन्यात, त्यातही बंद गाडीत, नुसत्या त्याच्यावर जोडलेला जड सांधा हळूहळू सरकतो. सकाळी सरळ असलेली कवटी संध्याकाळी वाकडी. जोडलेले तुकडे वाळूच्या खोक्यात, वजन सांध्यावर येणार नाही असे ठेवा.

मोरपिसारा

मधेच एक भाबडा प्रश्न. हे सगळे आजच्या बेडकांचे पूर्वज का?

थरमोजणी

पँथासॉरस नाही. तो बाजूची फांदी आहे, वंश न ठेवता संपलेली. बेडूक-सॅलॅमँडर यांचं मूळ टेम्नोस्पॉन्डिलांतच, पण डिसोरोफॉइड नावाच्या लहान चणीच्या गटात, असं बहुतेकांचं मत आहे. २००८ मध्ये वर्णिलेला टेक्ससचा जेरोबॅट्रॅकस त्या बाजूचा पुरावा म्हणून दाखवतात. पाय नसलेल्या देवगांडुळांच्या मुळाबद्दल अजून भांडण मिटलेलं नाही.

महाराष्ट्राचं विचारलं होतंत. दोन ठिकाणं, दोन्ही जुनी आणि एकमेकांपासून फार वेगळी.

पहिलं मांगली, नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ६० मैलांवर, वर्धा खोऱ्यात. नागपुरातले मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांच्या संग्रहातून तिथली एक लहान, रुंद, आखूड तोंडाची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेनने १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स नाव दिलं. आखूड चेहरा, रुंद डोकं, नावात तेवढंच. पुढे याच प्रजातीवरून ब्रॅकिऑपिड हे अख्खं कुळ ओळखलं जाऊ लागलं. ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत या कुळातला प्राणी सापडला की त्याच्या कुळनावात मांगलीचं हाड असतं, आणि आपल्याकडे नागपूरबाहेर कुणाला पत्ता नाही. त्याच थरात शिंपल्यासारख्या दोन पाळ्यांचे चिमुकले कवचधारी मिळतात, त्यांतल्या एकाला जोन्सने १८६२ मध्ये इस्थेरिया मांगलिएन्सिस म्हटलं. गोड्या, उथळ, आटणाऱ्या पाण्याची ती खूण. हा हिस्लॉप तोच, ज्याच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे आणि वरचा पॅरासुकस हिस्लोपीही.

दुसरं खुद्द मुंबईत, वरळीच्या टेकडीत. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या काळपट शेलमध्ये चिमुकल्या बेडकांचे चपटे सांगाडे मिळाले. ओवेननेच १८४७ मध्ये त्यांना राना पुसिला म्हटलं, नोबलने १९३० मध्ये स्वतंत्र प्रजाती केली, इंडोबॅट्रॅकस. वय सुमारे सव्वासहा कोटी वर्षं, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचं. तुमच्या ट्रेशी त्याचं नातं एवढंच की दोन्ही उभयचर. इथे खड्डेदार थाळ्या शोधू नका, बेडकाची हाडं काडीसारखी. शेलचा पापुद्रा सोलताना सांगाडा दोन्ही पापुद्र्यांवर अर्धा अर्धा राहतो, म्हणून अशा दगडात दोन्ही बाजू सांभाळायच्या आणि दोन्हींना एकच क्रमांक, पुढे अ आणि ब.

सिरोंच्याजवळचं वडधम मात्र या यादीत धरू नका. तिथले थर कोटा शैलसमूहाचे, मलेरीनंतरचे, तिथलं नाव डायनोसॉर आणि झाडांच्या जीवाश्मांसाठी.

शिलाजीत_नव्हे

माघार. पण मग शेतात किंवा नाल्यात असं काही उघडं दिसलं तर?

दाभण

उपटायचं नाही. उघडं दिसतंय त्याच्या दहापट आत असू शकतं, आणि ओढलं की नेमका सांधा तुटतो. आधी फोटो: एक लांबून, ओळखू येणारी झाडं-टेकडी दिसेल असा, एक जवळून, मोजपट्टी हाडाच्याच पातळीवर ठेवून, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. दुपारच्या उन्हात खड्डे सपाट दिसतात आणि फोटो पाहणाऱ्याला काही कळत नाही. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत लिहा. हाड कोणत्या थरात आहे, वरच्या वाळूच्या दगडापासून किती खाली, हे टेपने मोजा. ओढ्याच्या तळाशी सुटं पडलं असेल तर 'सुटं, वाहून आलेलं' असं स्पष्ट लिहा. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा जवळच्या विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग.

ते लोक काढतील तेव्हा भोवती चर खणून हाड मातीच्या ओट्यावर ठेवतात, वर ओल्या कागदाचे दोन-तीन थर, मग प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. कागद विसरला तर प्लास्टर हाडालाच चिकटतं आणि प्रयोगशाळेत महिनाभर शिव्या खातं. प्लास्टर १०० ग्रॅमला पाणी ६० ते ७० मिलि. जास्त पातळ झालं की कवच ठिसूळ, आणि उलटं करताना खालची माती गळून हाड जमिनीवर. उलटं करायचा क्षण सगळ्यात धोक्याचा. ओटा खालून कोरून बारीक मानेएवढा झाल्याशिवाय हात लावत नाहीत.

लालमाती

माती वेगळी काढून पाहिली. क, ख आणि च यांची सारखी: विटकरी, बारीक, व्हिनेगरला मंद फसफस. 'ग'ची करडी, वाळूचे कण डोळ्यांना दिसणारे. ऱ्हिंकोसॉरच्या पट्टीची तिसरीच, चुन्याच्या गोळ्यांनी भरलेली. म्हणजे ट्रे मिसळलेला आहे. 'घ'चं कवच फसफसत नाही, त्यामुळे सुईच.

चिठ्ठ्या अशा लिहू का: क, ख, च: 'टेम्नोस्पॉन्डिल, मेटोपोसॉर कुळ ?, मलेरी, थर अज्ञात'. ग: 'टेम्नोस्पॉन्डिल, कुळ अज्ञात, मलेरी, थर अज्ञात'.

थरमोजणी

'च'पुढचं 'मेटोपोसॉर कुळ' खोडा. पन्हळ दोन्ही कुळांत असते, आणि माती 'क'सारखी आहे हे कुळ ठरवायला पुरत नाही. तो 'टेम्नोस्पॉन्डिल, कवटीचं हाड' एवढाच. बाकी ठीक. जुनी चिठ्ठी फेकू नका, नव्या चिठ्ठीसोबत त्याच डबीत ठेवा. क्रमांक थेट हाडावर लिहिताना आधी गुळगुळीत बाजूला पॅरालॉइडचा नखाएवढा ठिपका, वाळल्यावर त्यावर काळी शाई, वर पुन्हा एक पातळ थर. खड्ड्यांच्या बाजूला लिहू नका, पुढच्या माणसाला नेमकी तीच बाजू बघायची असते.

दाभण

आणि 'घ'च्या सुरुवातीचा फोटो आत्ताच काढून ठेवा, सहाही बाजूंनी. एक बाजू उघडल्यावर आधी कसा होता ते आठवत नाही.